धरणकाठी सहकुटुंब मुक्काम: पुण्याहून निघण्याआधी हमखास विचारले जाणारे प्रश्न

पुण्याजवळ लहान मुलांना घेऊन तंबूत राहायचं, तर कोणतं पाणी बरं?

पहिल्यांदाच जात असाल तर पवना. रस्ता थेट काठच्या गावांपर्यंत जातो, तंबूंची तयार ठिकाणं भरपूर आहेत, भाकरी करून देणारी घरं जवळ आहेत आणि गरज पडली तर रात्रीसुद्धा गाडी काढून कामशेत किंवा लोणावळा गाठता येतं. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असताना या शेवटच्या सोयीचं मोल सगळ्यात जास्त. तुंग, तिकोना आणि लोहगडाने वेढलेलं ते पाणी देखणंही आहे.

मुळशी जास्त शांत आहे, पण काठावर सरळ उतरता येईल अशा जागा कमी आणि बऱ्याच खासगी. पानशेत-वरसगावकडे सिंहगड रस्त्याच्या बाजूने लवकर पोचता येतं; तिथे मुक्कामाची जागा आधी कोणाकडून तरी पक्की करूनच निघा. भंडारदरा सुंदर आहे, पण पुण्याहून गाडीत चार-पाच तास जातात. एका रात्रीसाठी पोरांना तेवढं बसवून नेऊ नका. दोन रात्री हाताशी असतील तरच तिकडे वळा.

कोणता महिना निवडावा?

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर. ऑक्टोबरात पाणी काठोकाठ असतं, त्यामुळे सपाट जागा पाण्याखाली आणि उरलेली जमीन ओली. मार्चनंतर पाणी मागे सरकतं आणि मधे गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून तो तडकलेला, कोरडा दिसतो. आत पाय गुडघ्यापर्यंत रुततो. एप्रिल-मेमध्ये दिवसा तंबूत बसवत नाही आणि संध्याकाळी वळीव येतो. वळवाच्या आधीचं वावटळीसारखं वारं खुंट्या उपटून तंबू थेट पाण्यात नेऊ शकतं. विजा चमकायला लागल्या तर तंबू आणि झाडं सोडून सगळ्यांना गाड्यांमध्ये बसवा, काचा वर करा.

जून ते सप्टेंबर लहान मुलांना घेऊन तंबूत राहू नये. धरण परिसरात आणि धबधब्यांवर त्या काळात प्रशासनाचे मनाई आदेशही निघतात. ते दिवस एका दिवसाच्या सहलीलासुद्धा तपासून निघण्याचे असतात.

कोणत्या रस्त्याने आणि किती वाजता निघायचं?

कोथरूड, बावधन, वारजे भागातून चांदणी चौक, पिरंगुट, पौड, कोळवण, हडशी, तिकोना पेठ हा रस्ता धरा. पिंपरी-चिंचवड, औंध भागातून जुन्या महामार्गाने कामशेत आणि तिथून डावीकडे पवनानगर, ज्याला लोक अजून काळे कॉलनी म्हणतात. दोन्हीकडून दोन तास धरा. शनिवारी दुपारनंतर लोणावळ्यातून जाण्याचा मोह टाळा. पेट्रोल पिरंगुटला किंवा कामशेतला भरून घ्या, थोडी रोख रक्कमही ठेवा, कारण पुढे मोबाइलची रेंज सगळीकडे सारखी नसते. ठिकाणाचा नकाशा घरीच उतरवून ठेवा.

दुपारी तीनच्या आत पोचा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण डोंगराच्या कुशीत त्याआधीच सावली येते. अंधारात तंबू लावणं, चूल मांडणं आणि त्याच वेळी मुलांवर लक्ष ठेवणं ही तीन कामं एकत्र नीट होत नाहीत, आणि दुर्लक्ष होतं ते नेमकं मुलांकडे.

किती जण असावेत?

पाच-सहा कुटुंबं, म्हणजे वीस ते पंचवीस माणसं. त्याहून जास्त झाले की प्रत्येकाला वाटतं, मुलांकडे दुसरं कोणीतरी बघतंय. दहा वर्षांखालच्या दर दोन मुलांमागे किमान एक मोठं माणूस हवं, आणि स्वयंपाकात गुंतलेली माणसं त्यात मोजायची नाहीत. गाड्या ठरवताना एक गाडी रात्रीसाठी राखून ठेवा: तोंड रस्त्याकडे, मागेपुढे अडथळा नाही, चालक दारू न प्यायलेला, किल्ली कुठे आहे हे दोघांना माहीत.

तयार कॅम्प घ्यावा की स्वतःचे तंबू न्यावेत?

पहिल्या वेळी तयार कॅम्प. पैसे भरण्याआधी मालकाशी फोनवर बोला आणि गोलगोल उत्तर मिळालं तर दुसरं ठिकाण बघा. तंबू पाण्यापासून किती पावलांवर आहेत? मधे कुंपण किंवा दोरी आहे का? शौचालयं किती, त्यात पाश्चात्त्य पद्धतीचं एक तरी आहे का, आणि रात्री तिथपर्यंत दिवा आहे का? लहान मुलांच्या मापाची जीवरक्षक जॅकेटं आहेत का? शेजारी त्याच रात्री मोठ्या आवाजाची पार्टी आहे का? साधारण बारा माणसांमागे एक शौचालय नसेल तर सकाळी सात ते नऊ हाल होतात.

ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. हे मालकाला आधीच सांगून ठेवलं तर रात्री वाद घालावा लागत नाही. फोटोंवर मात्र विसंबू नका. ते बहुधा ऑक्टोबरात, पाणी तंबूपाशी असताना काढलेले असतात. फेब्रुवारीत तेच पाणी शंभर पावलं खाली गेलेलं असतं.

मुलांना पाण्यात खेळू द्यायचं का?

नाही. घोट्याएवढ्या पाण्यातही नाही. बाकी सगळ्या बाबतींत आपापल्या सोयीने बदल करा. ही एक गोष्ट बदलू नका.

धरणाचा काठ पोहण्याच्या तलावासारखा किंवा समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू उतरत नाही. पाण्याखाली जुनी शेतं आहेत, त्यांचे बांध आहेत, विहिरी आहेत, तोडलेल्या झाडांचे बुंधे आहेत. पवनेच्या पाण्यात बुडालेलं वाघेश्वराचं मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं पडतं. खाली काय आहे, याची त्यावरून कल्पना यावी. मूल दोन पावलं गुडघाभर पाण्यात चालतं आणि तिसरं पाऊल बांधावरून खाली पडतं. गाळ पाय धरतो, हिवाळ्यात पाणी गार असल्याने दम लागतो, पोहता येणाऱ्या मोठ्या माणसाचेही हातपाय आखडतात. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवून बोलावतही नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, नजर शून्यात, आणि एखाद्या मिनिटात खाली जातं. काठावरच्यांना ते खेळतंय असंच वाटतं.

म्हणून पोचल्याबरोबर, सामान उतरवण्याआधी, पाण्यापासून वीस पावलांवर रंगीत दोरी बांधा आणि मुलांना ती हद्द दाखवा. मग पाण्यावर लक्ष ठेवायला पाळी लावा: एक मोठं माणूस, अर्धा तास, गळ्यात शिट्टी, हातात मोबाइल नाही, गप्पा नाहीत. पाळी संपली की शिट्टी पुढच्याच्या हातात द्यायची. ‘आता तू बघ’ असं नुसतं म्हणून उठायचं नाही, कारण ते ज्याला म्हटलं त्याने ऐकलंच असेल असं नाही. अंधार पडल्यावर पाण्याकडे कोणीच जायचं नाही, मोठ्यांनीही नाही. दारू घेतलेल्या माणसाने तर नाहीच.

कोणी पाण्यात पडलंच तर?

मागोमाग उडी मारू नका. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडतात ते यामुळेच. घट्ट फिरकीच्या झाकणाचा, खाद्यतेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन घ्या, त्यात पेलाभर पाणी ठेवा म्हणजे फेकायला वजन येईल, कडीला १५ ते २० मीटर दोरी बांधा आणि तो काठावर उघड्यावर ठेवा. बुडणाऱ्याच्या पलीकडे फेका आणि दोरी ओढत त्याच्या हातापाशी आणा. जवळ असेल तर काठी, ओढणी, साडी, काहीही चालेल. देणाऱ्याने जमिनीवर पालथं झोपून द्यायचं.

बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, असं थांबल्याशिवाय. दुसऱ्याने १०८ किंवा ११२ लावायचा. मूल शुद्धीवर येऊन बोलायला लागलं तरी दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

आणि बोटीत?

बसायला हरकत नाही, पण जॅकेट मुलाच्या मापाचं हवं. खांद्यापाशी धरून वर उचलून बघा: हनुवटी-कान जॅकेटात जात असतील तर ते मोठं आहे आणि पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. बोटवाला जॅकेट देत नसेल, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवत असेल किंवा सूर्य मावळला असेल, तर बसू नका.

तंबू कुठे आणि कसा लावायचा?

पाण्यापासून किमान ५० मीटर, थोड्या उंचावर, ओढ्याच्या कोरड्या पात्रात नाही, एकट्या मोठ्या झाडाखाली नाही. वर बघा: कड्याला किंवा झाडाला आग्या मोहोळ लटकत असेल तर जागा सोडा, कारण धुराने माश्या उठतात आणि पाठलाग करतात.

जमिनीवरचे खडे आणि काटे वेचा, ताडपत्री अंथरा. ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी वीतभर लहान किंवा आत दुमडलेली हवी. बाहेर राहिली तर दव तिच्यावरून तंबूखाली येतं. दार वाऱ्याच्या उलट बाजूला. मावळातल्या मुरमात तंबूबरोबर आलेल्या तारेच्या खुंट्या वाकतात, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून आठ इंची लोखंडी खिळे आणि एक हातोडा घ्या. खुंटी तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेली ठोका. जमीन दादच देत नसेल तर दोरी मोठ्या दगडाला बांधा. दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधायला विसरू नका. रात्री मुलं पळताना त्यांतच अडकून पडतात.

चार माणसांचा म्हणून विकला जाणारा तंबू साधारण सात फूट बाय सात फूट असतो. त्यात आई-वडील आणि दोन लहान मुलं मावतात, पण बॅगा गाडीत ठेवाव्या लागतात. मोठी चार माणसं झोपणार असतील तर दोन तंबू घ्या.

पहाटे तंबूत सगळं ओलं कसं होतं? गळतो का?

बहुतेक वेळा गळत नाही. चार जणांच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमते आणि थेंब पडतात. थंडी वाजते म्हणून लोक सगळ्या खिडक्या बंद करतात आणि मग जास्तच भिजतात. वरची जाळी उघडी ठेवा, बाहेरचं कापड आतल्याला चिकटू देऊ नका, अंथरूण कडेला टेकवू नका.

थंडीचं म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीत पहाटे पुण्यातच पारा १० अंशांपर्यंत उतरतो. पाण्याकाठी वारा आणि दव यांमुळे ती जास्त बोचते. ती वरून कमी आणि खालून जास्त लागते. अंगावर दोन ब्लँकेटं घेण्यापेक्षा खाली फोमची चटई, तिच्यावर जाड सतरंजी किंवा गोधडी घाला. हवा भरायची गादी एकटी पुरत नाही, आतली हवा गार पडते. मुलांना झोपताना कोरडे मोजे, कानटोपी आणि दिवसभर न घातलेले कपडे.

मग तंबूत शेगडी ठेवली तर?

कधीही नको. कोळशाची नको, गॅसची नको, विझत आलेले निखारे घमेल्यात घालूनही नको. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, धूर नसतो; झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवा.

चोवीस जणांना शिधा किती?

सोळा मोठी आणि आठ मुलं, शनिवार दुपार ते रविवार सकाळ, असं धरून:

संध्याकाळी भेळ. चुरमुरे पाऊण किलो, फरसाण एक किलो, कांदा एक किलो, चिंच-गुळाचं पाणी घरून बाटलीत. रात्री पिठलं-भाकरी आणि वरण-भात: बेसन एक किलो, तूरडाळ पाऊण किलो, तांदूळ दीड किलो, भाकऱ्या चाळीस ते पंचेचाळीस. भाकऱ्यांचं गावातल्या घरी सकाळीच सांगून ठेवा. ऐन वेळी एवढ्या होत नाहीत. ठेचा वेगळा ठेवा, मुलांचं पिठलं आधी काढून मग मिरची घाला. सकाळी पोहे दोन किलो, त्याला कांदा दीड किलो, शेंगदाणे पाव किलो, तेल साधारण ३५० मिलिलिटर. शिवाय उकडलेली तीस अंडी आणि तीन डझन केळी. चहा आणि मुलांचं मिळून दूध पाच लिटर. ते घरून तापवून, गार करून बर्फाच्या डब्यात न्या.

दोन किलो पोहे एकदम भिजवले की लगदा होतो. अर्धा-अर्धा किलो चाळणीत धुऊन निथळा आणि कढईत दोन घाण्यांत परता.

चिकन भाजायचं असेल तर मसाला लावून आदल्या रात्री फ्रीझरमध्ये गोठवा, स्टीलच्या घट्ट डब्यात, बर्फाच्या पेटीत सगळ्यात खाली. दूध आणि चिकन एका पेटीत नको. कच्च्याचा चिमटा शिजलेल्याला लावायचा नाही. अंधारात हीच चूक होते, म्हणून दोन चिमट्यांच्या मुठींना वेगवेगळ्या रंगाची चिंधी बांधा. हाडापाशी गुलाबी दिसत असेल तर परत जाळीवर ठेवा. मोबाइलच्या उजेडात रंग फसवतो, डोक्यावरची विजेरी न्या.

गॅसचा ५ किलोचा सिलिंडर एका रात्रीला पुरतो, पण काठावरचा वारा ज्योत उडवतो आणि वीस मिनिटांचा भात पाऊण तास घेतो. बर्नरला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा करा. सिलिंडर मात्र आडोशाच्या बाहेरच ठेवा, तो तापता कामा नये.

पाणी किती न्यायचं?

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी ४ लिटर धरले तर चोवीस जणांना ९६ लिटर, म्हणजे २० लिटरचे पाच जार. दोन जास्तीचे घ्या, कारण एखादा सांडतोच आणि हात धुवायला कोणीतरी तेच वापरतं. धरणाचं पाणी पिऊ नका. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला शुद्ध करून जातं. काठावर गुरं, कपडे आणि आपण सगळे असतो. भांडी घासताना साबणाचं पाणी धरणात जाऊ देऊ नका. बादलीने पाणी वर आणा आणि सांडपाणी काठापासून साठ-सत्तर पावलांवर मातीत जिरवा.

शेकोटीचं काय?

लाकूड गावातून विकत घ्या, झाडं तोडू नका. जुन्या घमेल्यात किंवा दगडांच्या वर्तुळात पेटवा, भोवतीचं गवत तीन-चार मीटर साफ करा. फेब्रुवारीनंतर गवत वाळून कडकडीत होतं आणि एका ठिणगीने डोंगर पेटतो. तेव्हा शेकोटी करूच नका. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राखेला हात लावता आला की विझली. वरून माती टाकली तर आत धग राहते आणि सकाळी अनवाणी मूल त्यावर पाय देतं.

साप-विंचवाची भीती वाटते, काय काळजी घ्यावी?

मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, म्हणून उघड्यावर सतरंजी टाकून झोपायचं नाही आणि तंबूची चेन कायम बंद. बूट आत घ्या किंवा सकाळी उलटे आपटून घाला. लाकडं आणि दगड उजेड पाडल्याशिवाय उचलू नका. खरकटं उंदरांना बोलावतं आणि उंदीर सापाला.

मण्यारचा दंश अनेकदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे मूल पोटदुखीने उठलं, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं, तर अपचन समजून ओवा देत बसू नका. दंशाचा संशय आला तरी पुरे: अंगठ्या-कडी काढा, हात किंवा पाय फळीला हलका बांधून स्थिर करा, चालवू नका, निघा. करकचून बांधणं, चिरा देणं, चोखणं, जडीबुटी, यांतलं काहीही नको. प्रतिसर्पविष रुग्णालयातच मिळतं. १०८ला फोन लावून सगळ्यात जवळ ते कुठे उपलब्ध आहे हे विचारतच गाडी काढा.

लाल विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, अशी लक्षणं दिसली तर तेही तितकंच तातडीचं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून दाखवल्यापासून हे मृत्यू खूप कमी झाले आहेत, पण औषध डॉक्टरांनी आणि वेळेत द्यावं लागतं.

आजी-आजोबांना नेता येईल का?

जरूर न्या. तंबूत वाकून शिरणं आणि जमिनीवरून उठणं हे त्यांच्या गुडघ्यांना जड जातं, म्हणून कॅम्पवर खोली असेल तर ती त्यांना, आणि बसायला हात असलेल्या खुर्च्या. रात्री शौचालयाच्या वाटेवर दोन कंदील टांगा. रोजच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवा. मधुमेह असेल तर जेवणाची वेळ शेकोटीच्या गप्पांवर सोडू नका.

अंधार पडल्यावर मुलांना काय करायचं?

आकाश दाखवा. शक्यतो अमावास्येच्या आसपासचा शनिवार निवडा. डिसेंबरात आठ-नऊ वाजेपर्यंत पूर्वेला मृग नीट वर येतो. त्याच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाची रेघ खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. उत्तरेला डोंगर अंगावर नसेल तर ध्रुव शोधायला लावा. आपलं अक्षांश साडेअठरा, म्हणून ध्रुव क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर दिसतो. हात लांब करून एकावर एक ठेवलेल्या दोन मुठींपेक्षा जरासा खाली. मुलं आपापल्या मुठी लावून मोजतात आणि ते विसरत नाहीत. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. त्या दिवशी चंद्र नसेल तर मुलांना दहापर्यंत जागू द्या.

सकाळी गड करावा का?

सातच्या आत निघत असाल तर. आठ वर्षांवरच्या मुलांना तिकोना जमतो, पण शेवटच्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत. तिथे एक मोठा पुढे, एक मागे. तुंगची वाट अरुंद, लहान मुलांना नको. लोहगडाला बांधीव पायऱ्या आहेत, म्हणून मिश्र वयाच्या गटाला तोच बरा. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत तोही आहे. कोणाचीच चढायची तयारी नसेल तर परतताना कामशेतजवळची बेडसे लेणी बघा.

निघताना आणि घरी आल्यावर काय बघायचं?

राज्यात थर्माकोलच्या ताटल्यांवर २०१८ पासून बंदी आहे. स्टीलची ताटं किंवा पळसाच्या पत्रावळी न्या म्हणजे कचरा मुळात कमीच होतो. उरलेला सगळा पोत्यात भरून पुण्यात आणा, गावात टाकू नका. तिथे तो उचलायला घंटागाडी येईलच असं नाही. केळ्याच्या सालीसुद्धा मागे नकोत. मुलांची डोकी आधी गाड्यांत मोजा, मग तंबू उतरवायला घ्या. आवराआवरीच्या तासात पाण्याकडे कोणाचंच लक्ष नसतं, म्हणून शिट्टीची पाळी शेवटची गाडी सुटेपर्यंत चालू ठेवा.

तंबू दवाने ओला असतानाच घडी करावा लागतो. घरी पोचल्यावर त्याच दिवशी गच्चीवर उघडून सावलीत वाळवा. पिशवीत आठवडाभर तसाच राहिला तर बुरशीचे काळे डाग पडतात, ते निघत नाहीत आणि आतलं पाणीरोधक अस्तर सुटायला लागतं. खिळे मोजून घ्या, गंज लागू नये म्हणून तेलाचा बोळा फिरवा.